घोड्याच्या पोटाची जखम का चिघळते?

खानदेशात घोडा पोटशुळाने लोळू लागला की मालकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अंतराचा. गाय अडली तर गोठ्यातच सिझेरियन करणारे डॉक्टर आपल्याकडे मिळतात. घोड्याचं पोट उघडायचं म्हणजे मात्र संपूर्ण भूल, घोडा उताणा ठेवता येईल असं गादीचं टेबल, भुलीवर लक्ष ठेवणारा वेगळा डॉक्टर आणि शुद्धीवर येताना डोकं आपटू नये म्हणून मऊ भिंतींची खोली, एवढं सगळं लागतं. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं, आणि रेसकोर्सच्या निमित्ताने घोड्यांवरच्या शस्त्रक्रियेचा अनुभव मुंबई-पुण्यातच साठत गेला. धुळ्याहून मुंबई सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, जळगावहून पुणे चारशेच्या आसपास. पिकअपमध्ये घोडा चढवून लगेच निघालं तरी सात-आठ तास मोडतात.

हे तास पुढे जखमेत दिसतात. आतड्याला पीळ बसला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतलं विष रक्तात उतरू लागतं, नाडी चढते. असा घोडा टेबलावर पोहोचतो तेव्हा आतड्याचा काळा पडलेला भाग कापून काढावा लागतो किंवा तुंबलेलं आतडं उघडून रिकामं करावं लागतं. आतडं उघडलं की त्यातले जंतू जखमेच्या कडांपर्यंत यायला वाव मिळतो, आणि शस्त्रक्रिया लांबते ती वेगळीच. भुलीखालचा वेळ दोन तासांच्या पुढे गेला की जखमेत पू होण्याचा धोका वाढतो, असं वेगवेगळ्या देशांतल्या घोड्यांच्या रुग्णालयांना आढळलेलं आहे. दाखल होतानाच ज्यांची नाडी फार जोरात होती, त्या घोड्यांत जखमेच्या तक्रारी पुढे जास्त निघतात. घोडा जड असेल, पूर्ण वाढलेला असेल, भुलीखाली त्याच्या रक्तातला ऑक्सिजन कमी पडला असेल, तरीही तेच. पोटशुळाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळण्याचं प्रमाण काही ठिकाणी शंभरात दहाच्याही आत राहतं, तर काही ठिकाणी चाळिसापर्यंत जातं. एवढा फरक नुसत्या नशिबाने पडत नाही.

म्हणून जखमेची निगा टाके पडल्यावर सुरू होते असं धरून चालू नका. घोडा चंदी टाकून पोटाकडे वळून बघायला लागला, पुढच्या पायाने जमीन खरवडायला लागला, की घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. जबड्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने बोट ठेवलं की नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. निरोगी घोड्याची नाडी स्वस्थ उभा असताना मिनिटाला २८ ते ४४ असते. ती ६० च्या वर गेली आणि तिथेच राहिली, तर थांबून बघण्यात अर्थ नाही. जवळच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून डॉक्टर बोलवा. ते नाकातून नळी घालून पोट हलकं करतील, हात घालून तपासतील, वेदनाशामक देतील. त्या इंजेक्शनचं नाव आणि वेळही त्याच कागदावर लिहा. फ्लुनिक्सिनसारखं औषध दुखणं झाकतं. दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरने तेच पुन्हा दिलं, की घोडा शांत दिसतो आणि आतडं मात्र मरत असतं. इंजेक्शननंतर दुखणं परत उठलं, की गाडी काढायची. एरंडेलाची बाटली, गोडेतेल, हातभट्टी घशात ओतायचा मोह या वेळी अनेकांना होतो. घोड्याला उलटी होत नाही, तुंबलेलं पोट फुटू शकतं, आणि ओतलेलं फुप्फुसात गेलं तर शस्त्रक्रियेआधीच घोडा हातचा जातो.

पोटाखालची शिवण

माणसाच्या पोटावर टाके पडतात तेव्हा तो उताणा झोपतो. घोडा शस्त्रक्रियेनंतर तासाभरात चार पायांवर उभा राहतो आणि त्याचे टाके बरोबर पोटाच्या तळाला, मध्यरेषेवर येतात. एकट्या मोठ्या आतड्यात शंभर लिटरच्या आसपास ऐवज मावतो. भरलेलं पोतं शिवण खाली करून टांगावं, तसा सगळा भार त्या वीतभराहून लांब चिरेवर. सूज खालीच उतरते, घाम खालीच गळतो, बसताना शेण-मूत तिथेच लागतं. घोड्याचा आकारच जखमेच्या विरोधात असतो, तेव्हा उरलेलं सगळं आपल्याला तिच्या बाजूने करावं लागतं.

यातला पहिला कसोटीचा क्षण तुमच्या डोळ्यांआड घडतो. भूल उतरताना घोडा धडपडतो, दोनदा पडतो, घामाने निथळतो, मुततो. ताज्या जखमेला पहिली घाण बऱ्याचदा इथे लागते. चांगली रुग्णालयं त्या वेळी जखमेवर चिकट आवरण किंवा पट्टी लावतात.

घोडा परत नेताना डॉक्टरांना थोडे प्रश्न विचारा आणि उत्तरं कार्डावर लिहून घ्या. शस्त्रक्रिया किती वेळ चालली? आतडं उघडावं लागलं का? उठताना फार धडपडला का? कातडीला दोरा आहे की पिना? (धातूच्या पिनांनी काम झटपट होतं, पण काही रुग्णालयांत त्या जखमा जास्त चिघळल्याचं दिसलं आहे.) प्रतिजैविक चिरेच्या आधी तासाभरात दिलं होतं का आणि शस्त्रक्रिया लांबली तेव्हा ते पुन्हा दिलं का, हेही विचारा. प्रतिजैविकाचा खरा उपयोग त्या वेळी असतो. नंतर आठ-पंधरा दिवस इंजेक्शनं ओढत राहिल्याने पू टळतो, असा पुरावा नाही. डॉक्टरवर संशय म्हणून हे विचारायचं नाही. उत्तरांवरून तुम्हाला कळतं की पुढचे पंधरा दिवस डोळे किती उघडे ठेवायचे. पाऊण तासात उरकलेली, आतडं न उघडलेली शस्त्रक्रिया आणि तीन तास चाललेली, आतडं कापलेली शस्त्रक्रिया यांच्या जखमा बाहेरून सारख्याच दिसतात.

धनुर्वाताच्या लशीचीही तारीख कार्डावर हवी. घोडा या रोगाला सगळ्या पाळीव जनावरांत जास्त बळी पडतो. सुरुवातीला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग ठरावीक काळाने पुन्हा, हे वेळापत्रक शस्त्रक्रियेची वाट न बघता पाळायचं असतं.

परतीचा रस्ता

आपल्याकडे घोडा टेम्पोत चढवायची पद्धत म्हणजे गाडी बांधाला लावायची आणि उतरताना उडी मारू द्यायची. टाके असलेल्या पोटाला ही एक उडी पुरेशी आहे. फळी, उतार, मातीचा भराव, जे जमेल ते करा, पण पाटा आणि जमीन एका पातळीत आणा. गाडीत त्याआधी कांदा, सिमेंट, बकऱ्या काय भरलं होतं ते विचारा. धुवून, वाळवून, खाली जाड अंथरण टाकून मगच घोडा चढवा. घोडा वळणावर तोल सांभाळतो तो पोटाच्या स्नायूंनी, म्हणून कसारा घाटात आणि कन्नडच्या घाटात ड्रायव्हरला सावकाश चालवायला सांगा. म्होरकी इतकी आखूड बांधू नका की मान खाली घालता येणार नाही. तासन्‌तास मान वर राहिली की फुप्फुसात जंतू साठतात, आणि खोकणाऱ्या घोड्याच्या टाक्यांवर प्रत्येक ढासेला ताण पडतो. दर दोन-तीन तासांनी थांबा, पाणी दाखवा.

शक्य असेल तर टाके निघेपर्यंत, म्हणजे बारा-चौदा दिवस, रुग्णालयाजवळ राहायची सोय बघा. खर्च वाढतो हे खरं. पण तिसऱ्या दिवशी घाई करून आणलेला घोडा पाचव्या दिवशी सुजला, तर तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागतो.

घरी आल्यावर त्याला गुरांच्या गोठ्यात बांधू नका. वेगळी, कोरडी, सावलीची जागा करा. अंथरण दिवसातून दोनदा साफ करा. गव्हाचं काड कोरडं राहतं, पण काही घोडे ते खातात आणि पोट पुन्हा गच्च होतं. अशा घोड्याखाली रबरी मॅट टाकून वर थोडाच थर द्यावा. लाकडाचा भुसा उघड्या जखमेला चिकटतो, पट्टा बांधलेला असेल तरच तो वापरा. अगाडी-पिछाडी बांधायची सवय या काळात सोडून द्या. पिछाडीने जखडलेला घोडा उठताना झटका देतो, आणि तो झटका थेट मध्यरेषेवर येतो.

पोटाला बांधायचा पट्टा हे माझ्या मते घरी येणाऱ्या घोड्याचं सगळ्यात मोलाचं औषध आहे. पट्टा वापरलेल्या घोड्यांच्या जखमा कमी चिघळल्याचं परदेशातल्या रुग्णालयांना दिसलं आहे. तयार पट्टा मिळाला नाही तर डॉक्टरांकडून माप घेऊन रुंद, थोडा ताणणाऱ्या कापडाचा शिवून घ्या. आत निर्जंतुक गॉजचा थर, वर कापूस, मग पट्टा. दोन बोटं सहज आत जातील एवढाच घट्ट, आणि पाठीच्या कण्यावर जाड घडी, नाहीतर तिथे वेगळीच जखम होते. नर घोड्यात मूत्रमार्गाचं तोंड पूर्ण मोकळं राहिलं पाहिजे. तिथे पट्टा ओला होऊन राहिला तर त्याच्यापेक्षा पट्टा नसलेला बरा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो. त्या दिवसांत पट्ट्याखाली घामाचं पाणी साचतं. म्हणून दोन पट्टे ठेवा, रोज बदला, धुवून उन्हात वाळवा. ओला झाला की दुपार असो, रात्र असो, लगेच बदलायचा.

हात धुणं इतकं साधं आहे की ते लिहिताना संकोच वाटतो. तरीही लिहितो, कारण आपल्याकडे एकच मोतद्दार सगळ्या घोड्यांचे खूर उचलतो, शेण भरतो आणि त्याच हाताने पट्टा सोडतो. शस्त्रक्रिया झालेल्या घोड्याचं काम सकाळी सगळ्यांत आधी, साबणाने हात धुऊन, हातमोजे घालून. दुसऱ्या घोड्याच्या पायाला पू असेल तर त्याचं काम सगळ्यांत शेवटी.

कोणती सूज साधी, कोणती नाही

तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी चपटी सूज येते. नरात ती पुढे-मागे पसरून लिंगाच्या पिशवीवरही उतरते. बोटाने दाबलं तर खळगा पडतो, घोडा फारसा कुरकुरत नाही, चारा खातो. ही सूज आठवड्याभरात ओसरते. दोरी धरून दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं सपाट जागी सावकाश चालवलं तर लवकर ओसरते, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर.

घाबरायची सूज वेगळी असते. ती एका बाजूला जास्त, हाताला गरम आणि टणक लागते. घोडा दाबू देत नाही, कान मागे टाकतो. बऱ्याचदा पू बाहेर दिसायच्या आधी ताप येतो. म्हणून थर्मामीटर विकत घ्या आणि पहिले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात लावून आकडा भिंतीवर लिहा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हा ठीक आकडा. सलग दोनदा ३८.५ च्या वर गेला, घोडा चारा सोडत असेल, किंवा पट्ट्याच्या आतल्या गॉजवर पिवळा-तांबडा ओलावा आणि वास आला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. पू बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो.

डॉक्टर आल्यावर बहुधा खालचे एक-दोन टाके मोकळे करून पुवाला वाट देतील. हे बघून मालक हबकतात, टाके तुटले म्हणतात. हे कातडीचे टाके असतात. पोटाची खरी भिंत त्याच्या आत वेगळ्या, जाड दोऱ्याने शिवलेली असते. पुवाला वाट मिळाली की ताप उतरतो आणि बरीच जखम मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुणं, गॉज आणि पट्टा यांवरच भरत येते. प्रतिजैविक द्यायचंच असेल तर पुवाचा नमुना तपासायला पाठवून मग द्यावं. मेडिकलमधून उरलेलं, गुरांसाठी आणलेलं इंजेक्शन घोड्याला टोचू नका. काही प्रतिजैविकं घोड्याच्या मोठ्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून जीवघेणी हगवण लावतात. लिंकोमायसिन त्यांतलंच एक.

आता घरगुती उपायांविषयी. हळद, चुना, राख, तंबाखू, कडुनिंबाचा लेप, फिनाईल. खुराच्या कडेच्या ओरखड्यावर यांतलं एखादं निभावून जात असेल. पोटाच्या टाक्यांवर यांतलं काहीही नको. पावडर टाक्यांत भरली की खालचा पू अडतो. फिनाईल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड भरत आलेलं मांसच जाळतात. पावसाळ्यात माशी बसून अळ्या पडतात ही आपल्याकडची खरी अडचण. अळ्या दिसल्या की टर्पेंटाइन ओतायची रीत आहे, पण या जागेवर ते काम डॉक्टरांनाच करू द्या. माश्या हाकलायचं औषध जखमेपासून दूर, पायांना आणि मानेला लावावं, आणि शेणाचा ढीग जागेपासून लांब हलवावा.

खाण्याचा संबंध जखमेशी कसा, असं वाटेल. पुन्हा पोटशूळ उठला तर घोडा लोळतो, टाके जमिनीवर घासतात. आणि तीच जखम पुन्हा उघडायची वेळ आली तर चिघळण्याची शक्यता पहिल्यापेक्षा कितीतरी वाढते. म्हणून लसूणघास, हिरवं गवत थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. ज्वारीचा जाड कडबा पहिले काही आठवडे नको. तोबऱ्यातली चंदी डॉक्टर सांगतील त्या मापाने, चमचा-चमचा वाढवत. भेटायला येणाऱ्यांनी प्रेमाने आणलेला गूळ आणि हरभऱ्याची डाळ दारातच ठेवून घ्या. गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य तर कधीच देऊ नका. त्यात मोनेन्सिन असू शकतं, आणि ते घोड्याला थोड्या मात्रेतही मारतं.

कामाला कधी लावायचा

इथे खानदेशातल्या घोडेवाल्याची खरी परीक्षा असते. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली तर उन्हाळ्याची लग्नसराई हातची गेली. पोटाची भिंत पुरेशी पक्की व्हायला साधारण आठ आठवडे लागतात. म्हणून पहिला महिना बंद जागेत आणि दोरीवरची चाल, दुसरा महिना छोट्या कुंपणात, तिसऱ्यात मोकळं सोडणं, आणि खोगीर त्यानंतर. खोगिराचा तंग पोटाखालून जातो, तो आवळायची घाई नको. नाचणाऱ्या घोडीचं तर आणखी वेगळं. मागच्या दोन पायांवर उभी राहताना तिच्या पोटाच्या भिंतीवर जो ताण येतो, तो नुसत्या वरातीतल्या चालीत येत नाही. तिला चार महिने द्या. जखमेत पू झाला असेल तर हे सगळं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून पुढे ढकला, कारण चिघळलेल्या जखमेत हर्निया होण्याचं प्रमाण सरळ भरलेल्या जखमेच्या कित्येक पट असतं.

एक गोंधळ नेहमी होतो. खच्चीकरण केलेल्या घोड्याला डॉक्टर रोज चालवायला, थोडं पळवायलाही सांगतात. ती जखम मुद्दाम उघडी ठेवलेली असते आणि हालचालीने तिच्यातलं पाणी वाहून जातं. तो अनुभव असलेले मालक पोटाच्या टाक्यांनाही तोच नियम लावतात. शिंगराचा बेंबीचा हर्निया शिवला असेल, किंवा पोटात अडकलेलं अंड पोटाच्या चिरेतून काढलं असेल, तर पोटाच्या जखमेचे नियम लागू, खच्चीकरणाचे नव्हेत. चीर नेमकी कुठे आहे हे विचारूनच चालवायचं की थांबवायचं ते ठरवा.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोडा घ्यायला जाणाऱ्यांनी भोवरे, देवमण, कानांची टोकं आणि चाल बघून झाल्यावर मालकाला सांगून एकदा पोटाखालून हात फिरवावा. मध्यरेषेवर केस गेलेली, बारीक, सपाट आणि टणक रेघ लागली तर शस्त्रक्रिया कधी झाली, कुठे झाली, जखमेत पू झाला होता का, हे विचारून कार्ड मागावं. नीट भरलेल्या अशा घोड्याला नाकारायचं कारण नाही. रेघेच्या कडेला मऊ फुगवटा लागला, बोटांनी आत दाबला जात असेल, किंवा घोडा चालल्यावर मोठा दिसत असेल, तर तो हर्निया आहे. लहान असेल तर काही घोडे त्याच्यासकट हलकं काम करतात, मोठा असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. सौदा डॉक्टरांनी बघेपर्यंत थांबवा, बयाणाही देऊ नका.